आर्टिचोकला दोन बोटं माया

१६ फेब्रुवारी
गोगलगायींनी आणखी एक झाड संपवलं. तिनांतलं एक राहिलं. पानांचे काठ असे कुरतडलेत की बोथट कात्रीनंसुद्धा इतकं वाईट कापता येत नाही — आणि बोथट कात्र्या मी पुष्कळ पाहिल्यात. तीस वर्षं शिंपीकाम करतोय.

त्यात बागेच्या फाटकावर नोटीस. सामाईक बागेत ज्यांची दोन वर्षं भरत आली त्यांच्यासाठी. "तुकडा क्र. १४ : १२ मेपर्यंत खाण्याजोगं एक तरी पीक समितीने चाखून पाहिलं पाहिजे. अन्यथा तुकडा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या अर्जदाराकडे जाईल." चौदा म्हणजे मी. आणि खाली — "पहिला अर्ज : क्र. ७." नाव नाही, गाव नाही. नुसता सात!

गेल्या वर्षी या आर्टिचोकनं पानांशिवाय काही दिलं नाही. तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय ते समितीसमोर उभं राहून कळलं.

१७ फेब्रुवारी
हिला नोटिशीचं सांगितलं. ही पोस्टात काउंटरवर असते, सगळी नोकरी लोकांचे अर्ज तपासण्यात गेली. म्हणाली, "मुळा लावा. महिन्यात येतो. समितीला मुळा चारा आणि मोकळे व्हा."

मुळा कोणीही लावतं! आर्टिचोक म्हणजे विलायती भाजी, कळी खायची. मी तो लावला बियांच्या पाकिटावरचं चित्र बघून. एकावर एक बसवलेल्या चुण्या, एकही टाका दिसत नाही, कुठे झोल नाही. असं काम मला आयुष्यात जमलेलं नाही. चवीचं म्हणाल तर मी तो अजून खाल्लेला नाही. हे फक्त हिला माहीत आहे.

३ मार्च
चष्मेवाला आज पुन्हा कुंपणाशी उभा होता. चौकातल्या चष्म्याच्या दुकानातला. माझ्या तुकड्याकडे टक लावून. हाच सात. नजरच तशी आहे.

जेवताना हिला म्हटलं, "दुसऱ्याच्या जागेवर डोळा ठेवून बसणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?"

"असेल बिचारं कोणीतरी," ही म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

दिवसभर दुकानात मान खाली असते. इथं आलो की वर होते. तुकडा गेला तर संध्याकाळी जायचं कुठं, हा खरा प्रश्न आहे. तो मी समितीला विचारू शकत नाही.

२१ मार्च
कळी! पानांच्या मधोमध, अंगठ्याएवढी. टेप गळ्यातच होती. घेर अडीच इंच.

शेजारच्या तुकड्यातल्या भोपळेवाल्यांना बोलावलं. निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, भोपळ्याखेरीज काही लावत नाहीत. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "बरी आहे. पण मोठी होऊन हिचं करायचं काय?"

उकडायचं, म्हटलं. पुढचं मलाही नक्की ठाऊक नाही.

२ एप्रिल
मावा पडला. काळा, चिकट, आणि त्याच्यामागून मुंग्यांची वरात. साबणाचं पाणी केलं आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं कळी घासली. एक-एक चुणी उचलून.

भोपळेवाल्यांनी हे हिला बाजारात सांगितलं. रात्री ही म्हणाली, "एवढं अंग तुम्ही स्वतःचं कधी घासलं नाहीत."

११ एप्रिल
घेर सात. आनंदाच्या भरात बँकेतल्या साहेबांच्या पँटच्या मापातही कंबर सात लिहून बसलो. कापायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं.

१९ एप्रिल
चष्मेवाला दुकानात आला, बाही आखूड करायला. मी टाचण्या तोंडात धरून सहज विचारल्यासारखं विचारलं — बागेची आवड दिसते? तो म्हणाला, "छे हो. मातीनं मला शिंका येतात. तिथं मी बसची वाट बघत असतो."

दीड महिना या माणसाला मनात शिव्या घातल्या. बाही त्याला अगदी नीट करून दिली.

मग सात कोण?

२७ एप्रिल
घेर साडेदहा. भोपळेवाले म्हणाले, "काढा आता. घट्ट आहे तोवरच खायचा असतो. तुमच्याच पाकिटावर लिहिलंय."

"अजून दोन बोटं," मी म्हटलं.

मी मापाला माप कधी कापत नाही. शिलाईच्या आत जादा कापड सोडतो, त्याला आमच्यात माया म्हणतात. लहान मुलांच्या कपड्यांत तर दोन बोटं माया हवीच, वाढतं अंग असतं. घट्ट झालं अशी तक्रार घेऊन तीस वर्षांत माझ्याकडे कोणी आलेलं नाही. ढगळ झाल्याच्या तक्रारी येतात, पण त्यांचं काही मनावर घ्यायचं नसतं.

२८ एप्रिल
ही : "काढला का? काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा." फ्रीजमध्ये काय वाढणार!

४ मे
सव्वाअकरा. आज नुसता बघत बसलो. इतकं देखणं काही माझ्या हातून झालेलं नाही, आणि यातही माझा हात कितीसा आहे? पण अभिमान वाटला. उगाच खोटं कशाला लिहू.

९ मे
तेरा! पाच दिवसांत पावणेदोन इंच! छाती फुगवून बसलाय पठ्ठ्या. चुण्या जरा सैल वाटतात, पण अंग भरलं की होतंच तसं.

भोपळेवाले आले, त्यांनी पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का, ते सांगितलं नाही.

११ मे
जांभळं! आतून जांभळे केस डोकावतायत. धावत जाऊन पाकीट वाचलं — वर्षभरात पहिल्यांदा मागची बाजू. "कळी उमलू लागल्यावर खाण्यायोग्य राहत नाही." म्हणजे मी वाढ मोजत नव्हतो, उमलणं मोजत होतो.

उद्या समिती.

डोकं चालेना, तेव्हा हात चालवले. सुई, हिरवा दोरा, कच्चा टाका. बाहेरच्या चुण्या ओढून घेतल्या आणि कळी वरून शिवून बंद केली. टाके असे आत वळवले की सांगितल्याशिवाय दिसायचे नाहीत. तीस वर्षांतलं सगळ्यात नाजूक काम, आणि दाखवायचं कोणाला?

१२ मे
समितीच्या सेक्रेटरीबाई पॅड-पेन्सिल घेऊन बरोबर अकराला आल्या. कळी बघून खूश. "वा, किती नीटनेटकी," म्हणाल्या. मला भरून आलं.

मग त्यांनी विचारलं, "आतून गुणगुणल्यासारखं काय येतंय?"

मधमाशी. माझ्या टाक्यांच्या आत. काल शिवताना आत राहिली असणार. मी म्हटलं, ताजेपणाचं लक्षण आहे. बाईंनी बोटानं जरा दाबून पाहिलं, टाका तुटला, मग सगळेच तुटले. फूल भसकन उघडलं आणि माशी बाईंच्या पॅडवर येऊन बसली. बाई जागच्या हलल्या नाहीत. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून म्हणाल्या, "हा दोरा कसला?"

भोपळेवाले हसून हसून स्वतःच्याच भोपळ्यावर बसले.

तरी बाईंनी नियमाप्रमाणे एक चुणी चावून पाहिली. बराच वेळ चावली. मग रुमालात काढली आणि पॅडवर लिहिलं : "अखाद्य. शिलाई उत्तम."

१३ मे
पत्र आलं. तुकडा गेला. उद्या सकाळी दहाला चावी अर्ज क्रमांक सातच्या हाती द्यायची. दुकान उघडलं नाही. वाईट वाटतंय, फार. हिनं "जेवून घ्या" एवढंच म्हटलं. पोस्टातली माणसं अशीच, वाईट बातमी रोज हाताखालून जाते.

१४ मे
फाटकाशी ही उभी. अर्धी रजा टाकून, माझीच जुनी टोपी घालून. हातात अर्जाची पावती — क्रमांक सात, तारीख दोन वर्षांपूर्वीची. मला तुकडा मिळाला तोच दिवस.

"तुम्हाला मी ओळखत नाही का?" ही म्हणाली. "म्हटलं, गेलाच तर घरात राहावा."

मी चावी दिली. हिनं वाकून खालची पानं बाजूला केली, तर आत दोन लहान घट्ट कळ्या. परवाही तिथंच असणार; माझं सगळं लक्ष त्या एकीवर. मी टेप काढली. हिनं माझ्या खिशातली कात्री घेतली आणि माप व्हायच्या आत दोन्ही कापल्या.

संध्याकाळी उकडून खाल्ल्या. हिला फार आवडल्या. मला आर्टिचोक आवडत नाही.