हाडांच्या गोळ्या

अम्मा, तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिहिता येत नाही, तेव्हा तू असतीस तरी हे तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. तरी लिहायला बसलेय. काल डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, तुमच्या अंगात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. मला हसूच आलं. म्हटलं, बाई, हे सोलापूर आहे, इथं ऊन काय रेशनवर मिळतं? त्या म्हणाल्या, "ऊन बाहेर असतं हो. तुम्ही कुठं असता?" मी दिवसभर शिलाई मशीनवर, ट्यूबलाइटखाली. शिवाय काळ्या कातडीला तेवढ्याच उन्हातून कमी मिळतं, जास्त वेळ बसावं लागतं म्हणे. माझी कातडी तुझीच आहे. तुझी नणंद, नान्नांची बहीण अत्ता, या कातडीला तव्याचं बूड म्हणायची.

मग आपली ती खोली आठवली. मोठा दुष्काळ नुकताच सरलेला, नान्ना कारखान्यात मागावर, आणि तू दार लोटून विड्या वळत बसलेली. भिजवलेली पानं ओल्या गोणपाटात. ऊन-वारा लागला की ती कडक होतात, वळताना फाटतात, म्हणून खिडकीलाही पोतं. गल्लीतल्या साऱ्याजणी अशाच बसायच्या, पण त्या बोलायच्या, भांडायच्या. तू त्या वर्षी गप्प झालीस. वेणी घालेनास, हाडं दुखतात म्हणून उठेनास, ताट पुढं ठेवलं की नुसती बघत राहायचीस. शेजारची मावशी दारातून विचारायची, "काय वं, लई दिस झालं, ही बोलंना कशी?" अत्ता आतून उत्तर द्यायची, "येड लागलंय तिला. माहेरी धाडायची आता." डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून लाल टॉनिक दिलं होतं, ते तसंच फळीवर पडून होतं.

एका सकाळी मी तुझी चटई आणि सूप, पानांसकट, ओढत अंगणात नेलं, मग हात धरून तुलाही. तू भिंतीला पाठ लावून डोळे मिटतेस. थोड्या वेळानं मला जवळ ओढून बोटांनीच माझे केस विंचरायला लागतेस, आणि म्हणतेस, "बरं वाटतंय गं." एवढंच. दुपारी पानं पापडासारखी कडकडीत झाली. अत्तानं मला बडवलं. तू सूप उचललंस, "पानं वाळतात, आत चल," म्हणालीस आणि दार लोटून घेतलंस. महिन्याभरात तुला माहेरी धाडलं. तिथून नंतर फक्त तू गेल्याचा निरोप आला.

अम्मा, गेलं वर्षभर मीही गप्प होत चाललेय. काल म्हणूनच डॉक्टरीणबाईंना ते सांगून विचारलं, आईला तेव्हा ऊन मिळालं असतं तर ती बरी झाली असती का? त्या म्हणाल्या, "असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. मन आजारी असलेल्यांत हे जीवनसत्त्व कमी सापडतं खरं, पण जो बाहेरच पडत नाही त्याला ऊन कमीच मिळणार ना? दोन्हींवर औषध घ्या." मला त्यांचा रागच आला. सगळा दोष त्या पानांच्या माथी मारता आला असता, तर किती हलकं वाटलं असतं! पण तसं नाही, तर नाही. मी दोन्ही गोळ्या घेणार. रोज गच्चीवर बाह्या वर सारून बसणार, काळी तर काळी. मी त्या खोलीत परत जाणार नाही. आणि मला धाडायला आता माहेरही उरलेलं नाही.

हे पत्र मशीनच्या खणात ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. रात्री लेकीनं विचारलं, दुसरी गोळी कसली? मी म्हटलं, हाडांचीच. आज ती कामावरून आली की तिला सांगणार आहे, "ती मनाची आहे, आणि तुझ्या आजीलाही कुणीतरी द्यायला हवी होती." मघाशी एकटीनंच मोठ्यानं म्हणून पाहिलं. दुसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं.