कूलरपुढचा लॅपटॉप

मूल गाव, मे महिना, मंगळवार संध्याकाळ

जुना डेस्कटॉप विकावा की ठेवावा, हे आज ठरवायचं होतं. म्हणून लग्नाच्या शूटिंगचा एकच व्हिडिओ त्याच्यावर आणि नव्या लॅपटॉपवर तयार करायला लावला. दोघांच्या प्रोसेसरचं नाव जवळपास सारखंच. तरी डेस्कटॉपचं काम बावीस मिनिटांत आटोपलं, लॅपटॉपला चाळीस लागली. मग फसलो का मी? नाही. सुरुवातीला तो बरोबरीनं पळत होता, तापला तसा मंदावला. एवढ्याशा डब्यातून गरमी जाणार कुठे? कूलरपुढे ठेवला, तर तीस मिनिटांत झालं!

हे बायकोला कौतुकानं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा घामानं निथळत पोळ्या लाटत होती.

"तो गरम होऊन हळू चालते, तं तुमी त्याले कूलरपुढं ठेवलं," ती शांतपणे म्हणाली. "अन् काल मले सैपाकाले उशीर झाला, तं माह्यावर काऊन ओरडले?"

खरंच, काऊन?

कूलरची वायर स्वयंपाकघरापर्यंत पुरत नाही. या घरात नऊ वर्षं झाली, आज पहिल्यांदा ओढून पाहिली.