देवाला सोडलेला गोऱ्हा

धाराशिव,
रविवार

प्रिय कुलदीप,

फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, आणि बोलले असते तर आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर. म्हणून पेनानं लिहितीये. शाळेत मराठी आठवड्यातून तीनच तास असायचं, त्यामुळे चुका होतील, चालवून घे. तू घरी सांगितलंयस म्हणे की निकिताची दाढ दुखतीये म्हणून ती माहेरी गेली. दाढ ठणठणीत आहे. मला आपल्या घराची किळस आलीये, आणि सगळ्यात जास्त तुझी.

ही किळस शेणामुताची नाही, हे आधी सांगते. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या, इंग्लिश मीडियमची पोरगी ईटसारख्या खेड्यात जाऊन गोठ्यात काय दिवे लावणार म्हणून. खरं सांगू का, मला तुझ्याआधी तुझा गोठाच आवडला होता. दिवाळीनंतर आले आणि थंडी पडेपर्यंत धार काढायला शिकले. पहिली गाय व्यायली तेव्हा तुझ्याबरोबर मीपण वासराचे पाय धरून ओढत होते. कोपरापर्यंत चिकट झालं, साडीची वाट लागली, तरी वार पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. तुझ्या आई शेजारच्या गजराबाईंना सांगत होत्या, "हिला ओकारी कशी येत न्हाय गं बाई, मला वाटलं नाकाला रुमाल लावून बसंल." मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं होतं.

पहिल्या दोन गायींना कालवडी झाल्या. काय थाट होता त्यांचा. अंगावर पोत्याचे कोट, शेजारी शेकोटी, तुझे अण्णा स्वतः बाटलीनं दूध पाजणार. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं मिळाली मला. मग तिसरी गाय, कवडी, व्यायली. अण्णांनी वासराची शेपटी उचलून बघितली, "गोऱ्हा व्हय" एवढंच म्हणाले आणि तंबाखू मळत बाहेर गेले. काळा-पांढरा, कपाळावर पांढरा ठिपका. मी त्याचं नाव ओरिओ ठेवलं तर अण्णा म्हणाले, "नाव कशाला ठिवतीस बाई त्याला?" मला वाटलं, त्यांना ते नाव आवडलं नसेल. मूर्खासारखी मी दुसरी नावं सुचवत बसले.

त्याला पार शेवटच्या खुंट्याला बांधलं, जिथून वारा येतो तिथं. कवडीचा सगळा चीक घरात आला. आईंनी गूळ-वेलदोडा घालून खरवस केला, डबे भरून गल्लीत वाटला, एक डबा इथं मम्मीकडंही आला. मी दोन वड्या खाल्ल्या. खाताना बाहेरून ओरिओचं ओरडणं येत होतं. मी तुला विचारलं, त्याला पाजलंस का? तू म्हणालास, "मघाशीच." मी जाऊन त्याच्या तोंडात बोट घातलं तर त्यानं ते असं ओढलं की नख दुखलं. पोट पाठीला लागलेलं. तू पाजलं नव्हतंस. तो खरवस आता आठवला तरी तोंडाला आंबट पाणी सुटतं.

त्या दिवसापासून मी आईंची पाठ वळली की पातेल्यातलं दूध त्याला नेत होते. हे तुला माहीत होतं आणि तू गप्प होतास, तेव्हा मी त्याला चांगुलपणा समजले.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, तो औताला चालत नाही, ट्रॅक्टर दारात उभा आहे, विकायची सोय नाही, आणि फुकट खाणारं तोंड कुणाला परवडतं? हे अण्णांनी मला सरळ तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण किळस आली नसती. फक्त कालवडीच होतील अशा वीर्यकांड्या मिळतात, पुढच्या वेळी त्याच भरू, हे मी तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालास, बघू.

त्याऐवजी काय केलं? सकाळी सकाळी आईंनी मला काठापदराची साडी नेसायला सांगितली. गोऱ्हा म्हसोबाला सोडायचाय, आणि नव्या सवाष्णीच्या हातानं सोडला की घराला चांगलं असतं म्हणाल्या. मी खूश. मला वाटलं, देवाचा म्हणजे कुणीतरी सांभाळणारं असेल, गोशाळा असेल, चारा असेल. मी त्याला हळद-कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, ओवाळलं. त्यानं माळेतलं एक फूल तोंडात धरलं तर आपण सगळे हसलो. तू मोबाईलवर शूटिंग करत होतास. "जरा इकडं बघून हस," म्हणालास. मी हसले. आणि तू तो व्हिडिओ स्टेटसला ठेवलास, खाली बदामांची रांग. कुलदीप, तुला माहीत होतं. हसायला सांगताना तुला सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आईंना म्हटलं, ओरिओला बघून येते. त्या म्हणाल्या, "द्येवाकडं गेलेलं बघायला जायचं नसतंय." शेताकडं जाते म्हणून निघाले आणि माळावर गेले.

तिथं म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे आणि एक बाभळ. बाकी काही नाही. ना भिंत, ना पाणी, ना माणूस. आधी वास आला. मग बाभळीखाली दिसले ते आधी सोडलेले गोऱ्हे. एकाचं नुसतं कातडं आणि बरगड्या, गळ्यात प्लॅस्टिकची माळ तशीच. एकाचं पोट कुत्र्यांनी फाडलेलं, आणि कपाळावर कुंकू, ताजं म्हणावं इतकं लाल. माश्या त्या कुंकवावर बसल्या होत्या. मी तिथंच ओकले. रस्त्यानं एक मोटारसायकल गेली, त्यावरच्या बाईनं लांबूनच हात जोडले. मी विचार करत होते, यातली किती कपाळं आपल्या घरच्या कुंकवाची. अण्णा सगळ्यांना सांगतात, आम्ही कसायाला देत नाही. म्हणजे कसायाचं कामसुद्धा कुत्र्यांवर ढकलायचं, आणि पुण्य घरी आणायचं.

ओरिओ दगडाच्या आडोशाला बसला होता. उठता येत नव्हतं, पण मला बघून त्यानं मान उचलली. एक कान चावलेला, रक्त वाळलेलं. मी त्याला उचलून रस्त्यापर्यंत नेलं, कसं ते मलाही कळलं नाही. खवा घेऊन धाराशिवला निघालेला आपल्या गावच्या बंडप्पाचा टेम्पो मी आडवी उभी राहून थांबवला. "वैनी, लोकं माहेराला खवा नेतेत, तुमी हे काय घिऊन चाललाव?" असं बडबडत त्यानंच त्याला आत चढवलं. वाटेत एका हॉटेलावर दूधही घेतलं. तुला फोन केला तो त्या हॉटेलावरून. मम्मीकडं चाललीये एवढंच सांगितलं. तू का म्हणून विचारलंही नाहीस, म्हणजे तुला अंदाज आला होता.

तर ओरिओ जिवंत आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, पप्पांच्या कारशेजारी. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलीत, आजपासून स्वतःच्या पायावर उभा राहून बाटली पितोय. खालचे शंकरप्पा काका रोज येऊन विचारतात, "बाई, इथं कुत्रं पाळायची परमिशन न्हाय, तुमी बैल बांधलाव." त्याला इथं फार दिवस ठेवता येणार नाही. मम्मी म्हणते, एका वासरापायी संसार मोडतेस का? मी तिला सांगितलं, मोडायला नाही, विचारायलाच लिहितीये.

गुरुवारी बंडप्पाच्याच टेम्पोनं मी ईटला येतीये, ओरिओला घेऊन. अण्णा ओट्यावर असतील, आई म्हणतील देवाचं परत आणलं, गजराबाई भिंतीवरून बघतील. तू कुणाला काही समजावू नकोस, भांडूही नकोस, तुला ते जमत नाही. फक्त फाटकापर्यंत चालत ये आणि सगळ्यांच्या देखत त्याचं दावं माझ्या हातातून तुझ्या हातात घे. एवढंच. तू ओट्यावरच बसून राहिलास तर मी टेम्पोतून उतरणार नाही.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
निकिता