दादाला दिलेले उडते जोडे

धाकटे,

तुझ्यासमोर बसून चहा प्यायला तोंड नाही, म्हणून फिरायला चाललोय. दूध तापवलंय. उतू गेलेलं पुसलंयही.

काल आपल्या खेळात, फासे टाकत एकेक पात्र होऊन लढायच्या त्या गोष्टीत, तुझा दादा पहिल्यांदाच बसला. तुम्ही सगळे नवव्या पातळीवर, म्हणून त्याचं पात्रही तिथूनच सुरू केलं. असं रिकाम्या हाताने थेट वर आलेलं पात्र पहिल्याच फटक्यात मरू नये म्हणून त्याला एखादी जादूची वस्तू द्यायची, एवढाच नियम. पण खेळ चालवणारा मी, आणि त्यात बाप. आगीची तलवार दिली, उडते जोडे दिले, वर अदृश्य करणारी शाल. तू चार वर्षं दर रविवारी लढून एक अंगठी कमावलीस, तीही नुसता उजेड पाडणारी.

"आता एक हत्तीपण देऊन टाका, बाबा," तू म्हणालीस. सगळे हसले. मीही हसलो, त्याची जास्त लाज वाटते. मग कप विसळताना "मी नाही खेळणार यापुढे," म्हणालीस, तेव्हा मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दादा इतक्या वर्षांनी घरी आलाय. तो परत जाऊ नये म्हणून हात सैल सोडला गं. तू उठून जाशील, हे कधी मनातच आलं नाही.

बाबा