चार आवर्तनांची शांतता

ओत्सु, ३ नोव्हेंबर

मोगामी-सान,

पत्राच्या सुरुवातीला झाडांच्या रंगाबद्दल आणि थंडीबद्दल चार ओळी लिहायची आपल्याकडे रीत आहे. झाडं लाल झाली आहेत. थंडी वाढली आहे. तुम्ही बरे असाल, मी बरी आहे. आता कामाचं.

तुमची सीडी मिळाली. अकिताच्या टपाल कचेरीतला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस लहानपणच्या एका व्हिडिओ गेमची धून नव्याने बांधण्यात सुट्टीचे सगळे दिवस घालवतो, हे वाचून कौतुक करावं की कान धरावा, ते कळेना. ‘बर्फातला कंदील’ निघाला तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता. मी तेव्हा ओसाकातल्या, तो गेम काढणाऱ्या लहानशा कंपनीत संगीत करत होते आणि तिथेच झोपत होते.

“हवी तेवढी चिरफाड करा, पण डिसेंबरच्या हौशी मेळ्यासाठी सीडीच्या पुस्तिकेत ‘मूळ संगीत: तोमी’ या नावाखाली दोन ओळी लिहून द्या,” असं तुम्ही म्हणता. चिरफाड करते. ओळींचं नंतर बघू.

पहिल्याच आवर्तनात तुम्ही वीस व्हायोलिनं ओतली आहेत. खिंडीतून एकटा माणूस कंदील घेऊन चालला आहे, त्याच्यामागे वरात नाही. ढोल काढा. घुमारा एवढा दिला आहे की बर्फाळ डोंगराऐवजी सार्वजनिक स्नानगृह डोळ्यांपुढे येतं; कोणीतरी बादली आपटेल असं सारखं वाटत राहतं.

आणि एक चूक. त्या काळच्या चिपमध्ये एका वेळी तीनच सूर वाजत. कंदीलवाल्याने उडी मारली की उडीचा आवाज तिसऱ्या सुराची जागा हिसकावून घेई. तुम्ही लहानपणी उड्या मारत मारत जी तुटकी धून ऐकलीत, तीच खरी मानलीत आणि ते खड्डे तसेच ठेवलेत. ही चूकच आहे. पण दुरुस्त करू नका. सगळ्या सीडीत तुमचं स्वतःचं असं तेवढंच आहे.

शेवटचा मुद्दा. नऊ ते बारा ही आवर्तनं. मूळ धून तिथे गप्प होते. तुम्ही लोक त्याला ‘तोमीची शांतता’ म्हणता, त्यावर लेख लिहिता. तिथे एकही वाद्य ठेवलं नाही, असं तुम्ही अभिमानाने कळवलं आहे. मग मागून ती बारीक शिळेसारखी ओळ कसली आहे? अर्धा श्वास उशिरा येते ती. कुठून आणलीत?

ती काढून टाका.

इसोगाई तोमिको

*

ओत्सु, १४ नोव्हेंबर

मोगामी-सान,

तुमच्याकडे पहिला बर्फ पडला म्हणता. छपरावर चढू नका, माणूस बोलवा.

प्रत्येक वाद्याची वेगळी ध्वनिनोंद पाठवलीत, तीही मिळाली. “सेन्सेई, त्या चार आवर्तनांत खरंच काही नाही. माझ्या बायकोलाही ऐकवलं. ती म्हणते, झोपा आता.” तुमची बायको शहाणी आहे. मीही एकेक नोंद ऐकली, कशातच काही नाही. सगळं एकत्र लावलं की ओळ आहे. माझे कान म्हातारे झाले, असं ठरवून मी सोमवारी सीडीच्या यंत्राची वायर काढून कपाटात ठेवली.

काल सकाळी शेजारच्या बान्नो-सान कुंपणापलीकडे पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधत होत्या. त्यांचं वय एक्याऐंशी. गेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही.

“तोमिको-सान,” त्या म्हणाल्या, “छान आहे हो ती धून. पण रोज अर्धवटच का सोडता? माझा जीव टांगणीला लागतो.”

“कोणती धून?”

त्यांनी गुणगुणून दाखवली. सूर न सूर.

मोगामी-सान, ती ओळ मी ओळखते. पहिल्यांदा ऐकली तेव्हाच ओळखली होती. तुम्हाला ‘कुठून आणलीत’ विचारलं, कारण उत्तर दुसरं काहीतरी असावं असं मला वाटत होतं.

कंपनीत माझ्याबरोबर हिराइवा शिझुए नावाची मुलगी होती. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लहानपणीच्या आजाराने तिचा डावा पाय कमजोर होता. बोळातून जेवायला निघालो की माझी दोन पावलं आणि मग तिचं एक, घासत येणारं. मी थांबले तर चिडायची. “चला हो तुम्ही पुढे, मी येते मागून. माझ्यासाठी नूडल्स गार करू नका म्हणजे झालं.”

खिंडीची धून आम्ही दोघींनी बांधली. नऊ ते बारा तिची. बाकीचे सूर थांबतात आणि ती एकच ओळ, तिच्या चालीसारखी, अर्धा श्वास मागे राहून येते. आमचे विभागप्रमुख काकुता-सान कधी कोणाला चांगलं म्हणत नसत. ते दारातून आत आले आणि म्हणाले, “हा तुकडा कोणाचा? याच्यापुढे बाकीची धून शाळेतल्या पाठासारखी वाटते.”

बाकीची धून माझी होती. संगीत महाविद्यालयात जाऊन शिकलेली मी होते. शिझुए मिठाईच्या दुकानातून आली होती.

दुसऱ्या दिवशी गेमच्या कॅसेटचा मजकूर कारखान्यात जायचा होता. शिझुए तापाने घरी होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिचा तुकडा काढायला बसले. पण सूर पुसले असते तर पुढचं सगळंच सरकलं असतं, आणि ते पुन्हा बसवायला वेळ नव्हता. म्हणून सूर तसेच ठेवले. फक्त त्यांचा आवाज शून्य केला. मग श्रेयाच्या यादीत एकाच टोपणनावाची जागा उरली होती. तिथे मी ‘तोमी’ लिहिलं.

नव्या वर्षाला तिचा फोन आला. “तोमिको-सान, माझा तुकडा ऐकूच येत नाही.” मी सांगितलं, चिपला पेलला नाही. “असू दे. येईल मागून,” ती म्हणाली आणि हसली. त्या वसंतात छातीच्या दुखण्याने ती गेली. मी अंत्यविधीला गेले होते. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरून आभार मानले होते.

सदतीस वर्षं लोक मला त्या शांततेबद्दल विचारतात. मी मान हलवते.

तुमच्याकडे गेमची जुनी कॅसेट आहे. ती उघडा, आतला मजकूर वाचा. तिसरा सूर, नऊ ते बारा. आवाज वाढवा. सीडी छापायला तीस तारखेला जाणार म्हणालात, त्याआधी करा.

इसोगाई

*

ओत्सु, २३ नोव्हेंबर

मोगामी-सान,

तार करण्याची पद्धत गेली, नाहीतर तुम्ही तारच केली असती. “आहे! सगळे सूर आहेत, सेन्सेई! इतकी वर्षं प्रत्येक घरात वाजत होते, नुसते ऐकू येत नव्हते.” हो. मला ठाऊक होतं.

त्यांच्यावर एकही वाद्य चढवलं नाहीत, हे योग्य केलंत. बायकोला ऐकवलंत आणि ती झोपा म्हणाली नाही, हेही वाचलं.

तुमची सीडी मी पुन्हा लावली. पहिलीच, गप्प आवर्तनांची. तिथे आता काहीही नाही. तीनदा ऐकलं. खरोखरीची शांतता आहे, आणि ती मला सहन झाली नाही.

आज सकाळी बान्नो-सान कुंपणापाशी आल्या. फळं आता सुरकुतली आहेत. त्या म्हणाल्या, “काल शेवटपर्यंत वाजवलीत बाई एकदाची! किती सुंदर संपते! मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिले.”

काल मी दिवसभर क्योतोला, दंतवैद्याकडे होते. घराला कुलूप होतं. आणि शिझुएची ओळ चारच आवर्तनांची होती. तिला शेवट नव्हता. तो आम्ही दोघी बसून करणार होतो.

मी विचारलं, “कशी संपते?”

त्यांनी तोंड उघडलं, सुरुवात केली आणि थांबल्या. “गेली बघा डोक्यातून. पण मला काय विचारता? तुमचीच ना ती? तुम्हाला ठाऊक.”

“माझी नाही,” मी म्हणाले. “हिराइवा शिझुए नावाच्या मुलीची आहे.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. बान्नो-साननी नुसती मान डोलावली आणि मला दोन फळं दिली. एक माझ्यासाठी, म्हणाल्या, आणि एक त्या मुलीसाठी, जी काल दारात उभी होती.

पुस्तिकेसाठी दोन ओळी मागितल्या होत्यात. या घ्या. एवढ्याच छापा, माझी सही नको.

मूळ संगीत: हिराइवा शिझुए.
तिच्यामागून: इसोगाई तोमिको.