मालमत्तेची व्यवस्था, आणि आर्डेलियाविषयी एक दुरुस्ती

मी, लेम्युएल प्रायोलो, वय त्र्याहत्तर, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार ऑरेंजबर्ग, दक्षिण कॅरोलिना, चित्त ठिकाणावर असताना व कोणाच्याही आग्रहाविना हे स्वहस्ते लिहीत आहे. माझी पत्नी आर्डेलिया मार्च महिन्यात वारली. पूर्वीचे मृत्युपत्र तिच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर व शिल्लक कन्या नार्सिसा हिला. घराचा ताबा कलम ४ पाळल्यानंतर.

२. जेवणाचे टेबल मात्र माझी बहीण व्हर्निस हिला. त्याच टेबलाशी बसून तिने केलेली एक थट्टा खाली नोंदवली आहे. टेबल तिच्याकडेच असावे.

३. पत्नीचे अकरा विग इस्पितळाच्या कर्करोग विभागास. तिथल्या बायकांना विग घालायला निदान कारण तरी आहे, असे ती म्हणत असे.

४. दफनाच्या दिवशी नार्सिसा मला म्हणाली, "आईला तुमचा हात लागलेलासुद्धा खपायचा नाही, बाबा. थंडच होती ती." मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मी येथे मागे घेतो.

आम्ही कृष्णवर्णीय; आर्डेलिया आपले दाट कुरळे केस औषध लावून सरळ करून घेत असे. घामाने ते पुन्हा कुरळे होत. म्हणून डोक्याला हात लावायचा नाही आणि दिवा लावायचा नाही, हा आमच्या शयनगृहाचा नियम होता. आपले रूप झाकण्याजोगे आहे, असे तिला लहानपणापासून शिकवले गेले होते. मी कधी हरकत घेतली नाही. १९९४ च्या जूनमध्ये तिने सरळ केलेले सगळे केस कापून टाकले. उरले ते बोटभर, तिचे स्वतःचे.

"असू दे दिवा," ती म्हणाली. "बघ तरी, कोणाशी लग्न केलंस ते."

चार दिवस दिवा लागला. त्या दिवसांत मला जी स्त्री भेटली, तिला थंड म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर, भातावर भेंडी वाढून घेताना व्हर्निस म्हणाली, "वहिनी, आता दादाच्या शेजारी निजायला भाऊच आला म्हणायचा." सगळे हसले. मीही हसलो. सोमवारी पहिला विग आला.

नार्सिसाचे पती कॉर्नेल यांनी लग्नाच्या सहा वर्षांत तिचे स्वतःचे केस पाहिलेले नाहीत. तिने हे आईला अभिमानाने सांगितले होते. आई त्या दिवशी जेवली नाही.

वकिलांनी हे कलम त्या दोघांसमोर, त्याच घरात, मोठ्याने वाचावे. नंतर किल्ल्या नार्सिसाच्या हाती द्याव्यात, आणि इतर सर्वांनी दार ओढून घेऊन निघून जावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

सही: लेम्युएल प्रायोलो

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. ओटिस ग्रेडी, शेजारी
२. श्रीमती युलालिया फोर्ट, केशकर्तनकार

ऑरेंजबर्ग, ९ ऑक्टोबर २०१९