कार्डावरची मोकळी जागा

३ फेब्रुवारी

ही वही मी हौस म्हणून लिहीत नाही. वल्लरीच्या दुकानाचा नियम आहे: बिघडलेलं कार्ड ज्याच्या हातात, त्यानं त्या दिवशी काय केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आठवणीवर काही सोडायचं नाही. नियम चांगला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं पुस्तकांच्या याद्या केल्या. हा नियम तिथे असता तर निम्मी पुस्तकं गहाळ झाली नसती.

आज कामाचा पहिला दिवस. सदाशिव पेठेतली आमची बिल्डिंग पाडायला घेतली, म्हणून महिन्यापूर्वी धायरीत भाड्यानं राहायला आले. खिडकीतून टेकडी दिसते, वारा भरपूर येतो आणि माझ्याकडे कोण आलं-गेलं याची कुणाला पडलेली नाही. मी खूश आहे. तळमजल्यावर वल्लरीचं दुकान. कॅमेऱ्यांची बिघडलेली कार्डं, बंद पडलेल्या हार्ड डिस्क, त्यातले गेलेले फोटो ती परत मिळवून देते. तिला फोटो पाहून यादी करणारं माणूस हवं होतं आणि मला काम. अस्मिता फोनवर म्हणाली, अगं आई, या वयात बायका भजनी मंडळात जातात. मी म्हटलं, तिथे गळा लागतो, इथे नुसते डोळे पुरतात. एकुलती एक मुलगी, हिंजवडीत चाळीस माणसं हाताखाली, आणि आईला सल्ला काय तर भजनी मंडळ.

४ फेब्रुवारी

वल्लरीनं काम समजावलं. पुसलेला फोटो लगेच जात नाही. कार्ड फक्त ती जागा मोकळी आहे असं धरून चालतं. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की जुनं कायमचं गेलं. म्हणून मूळ कार्डाला हात लावायचा नाही. आधी त्याची जशीच्या तशी नक्कल घ्यायची आणि त्या नकलेतून फोटो वेचायचे. ते नाव-तारीख हरवून येतात. मी एकेक उघडायचा, नीट पाहायचा आणि एका ओळीत लिहायचं.

दुपारी माझं पहिलं गिऱ्हाईक आलं. तेजस्विनी, लोणी काळभोरची, दिवस भरत आलेले. कार्ड रुमालाच्या गाठीत बांधून आणलं होतं. पहिली मुलगी अपेक्षा चौदा महिन्यांची होऊन तापानं गेली, त्याला दोन वर्षं झाली. गेलेल्या लेकराचे फोटो घरात ठेवले तर पुढचं टिकत नाही, असं म्हणून सासूनं, सोजरबाईंनी, पुतण्याकडून फोनमधले आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुसून घेतले. कॅमेरा ट्रंकेत पडून राहिला आणि कार्डही बिघडलं. ती म्हणाली, मॅडम, पोरीचं तोंडच आठवंना झालंय. हे आलं म्हंजी त्या जागी ह्याचंच तोंड बसंल. त्याच्या आधी एकदा बघायचं हाय.

बाळंतपणाची तारीख वीस. मी अठराचा वायदा केला. ती गेल्यावर वल्लरी म्हणाली, अहो पद्मजाताई, असे वायदे आपण करत नाही. मी म्हटलं, तुम्ही करत नसाल.

६ फेब्रुवारी

एकूण एकशे सत्त्याऐंशी फोटो सापडले. आज बावीस पाहिले. बरेच अर्धे राखाडी आहेत.

क्रमांक ९: बारसं. हिरव्या पत्र्याच्या दारासमोर पाळणा, वर शेवग्याचं झाड. बाळाच्या फक्त मुठी दिसतात.

अस्मिताचं बारसं आठवलं. पाळणा जिन्यात वळेना, म्हणून दोरानं तिसऱ्या मजल्यावर ओढून घ्यावा लागला. हे खालून इतके ओरडत होते की न बोलावलेली अर्धी गल्ली पेढे खाऊन गेली.

८ फेब्रुवारी

काल एकसष्टपर्यंत आले. आज रविवार, अस्मिता जेवायला आली होती. बोलता बोलता तिच्या बारशाचा विषय निघाला. मी म्हटलं, शेवग्याची फुलं सारखी पाळण्यात पडत होती, मी वेचून वेचून दमले. ती हसायला लागली. सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, शेवगा? मी म्हटलं, तू पाळण्यात होतीस, तुला काय माहीत. म्हणाली, मग दोरीची गोष्ट इतकी वर्षं कुणाची सांगत होतीस?

ती गेल्यावर ही वही उघडली. सहा तारखेची नोंद वाचली. अक्षर माझं आहे. दोर मला आठवत नाही. फुलं आठवतात. ओलसर होती, हाताला चिकटत होती.

१० फेब्रुवारी

तपासून पाहायचं ठरवलं. सकाळी कागदावर अस्मिताच्या पाच गोष्टी लिहिल्या: पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, गोवर, शाळेचा पहिला दिवस. मग कामाला बसले.

क्रमांक ७४: बाळाचा हात, भाकरीचा तुकडा, तुकड्यावर दोन दातांच्या खुणा. मागे गोठा.

लगेच कागद वाचला. 'पहिला दात: डॉक्टरांच्या बोटाला चावली.' परक्या माणसाविषयी वाचावं तसं वाटलं. पहिला दात आला तेव्हा तिनं भाकरीचा कडक काठ कुरतडला होता आणि गाय तिच्याकडे बघत होती. आम्ही कधीही गाय पाळलेली नाही.

वल्लरीला सांगितलं आणि पुढचं काम तिच्याकडे दिलं. तिनं पंचाहत्तरावा उघडला तर नुसता राखाडी चौकोन. पुढचे दहाही तसेच. मग त्याच खुर्चीत मी बसले, तोच फोटो उघडला आणि चित्र आलं. वल्लरीनं स्वतः चहा करून दिला आणि चार दिवस घरी राहा म्हणाली. बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी

काम थांबवलं. झालेत तेवढे घेऊन जा, असं तेजस्विनीला कळवलं होतं. ती बसनं आली. सगळे फोटो दोनदा पाहिले. पाठमोरी मुलगी, टोपडं, पाय, मुठी. चेहरा एकाही फोटोत नाही. जिथे चेहरा असायला हवा, तिथे नेमका राखाडी पट्टा. ती रडली नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिली, मग विचारलं, ऱ्हायलेल्यात असंल का हो? मी म्हटलं, असेल. तिनं आणखी काही मागितलं नाही.

दुपारभर विचार केला. अस्मिता जिवंत आहे. मी विसरले तर ती येईल, नाव सांगेल, मी पुन्हा ओळख करून घेईन. शिकायची सवय मला आहे. अपेक्षा कुठून येऊन नाव सांगणार आहे?

ठरलं, उरलेलेही उघडायचे. अस्मिताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या सुट्टी टाकून येते, तोवर काहीही उघडू नकोस. आई, प्लीज.

नक्कल दुकानातून घरी आणली आहे. न विचारता दुसऱ्याची वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच उचलली.

१४ फेब्रुवारी

एकशे वीसपर्यंत झाले.

काल अस्मितानं डॉक्टरांकडे नेलं. शंभरातून सात सात वजा करायला लावले. माझ्या वेगापुढे तेच मागे पडले. आजचा वार, पंतप्रधान, पत्ता, सगळं बरोबर. मग विचारलं, मुलीचा जन्म कुठला? लोणीचा, मी म्हटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी, म्हणजे अस्मितानं, माझा हात धरला.

घरी तिनं जुना अल्बम काढला. फ्रॉक घातलेल्या एका मुलीवर बोट ठेवून विचारलं, ही कोण? मी म्हटलं, तूच असणार, अल्बम तुझ्याच हातात आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ नळ चालू ठेवला.

नळ बंद होईपर्यंत मी तीन फोटो उघडले.

१५ फेब्रुवारी

क्रमांक १४३. चेहरा.

पूर्ण आहे. कुठेही राखाडी नाही. डाव्या गालावर तीट, खालचा ओठ आत ओढलेला. मी मोठ्यानं हाक मारली — अपू.

अपू हे नाव मला कुणीही सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

एकशे अठ्ठ्याहत्तर.

एका बाईचा सारखा फोन येतो. मला आई म्हणते. मी सांगितलं, माझी मुलगी चौदा महिन्यांची होती. ताप उतरेना. हायवेला ट्रक अडकले होते, जीप हलेना, आणि ती माझ्या मांडीवर — पाय आधी गार पडले —

बाई रडायला लागली. मी म्हटलं, चुकीच्या नंबरवर रडू नये.

१७ फेब्रुवारी

वही पहिल्यापासून वाचली. मला एक मुलगी आहे असं तीत लिहिलं आहे. मोठी. अक्षर माझंच, तेव्हा खरं असणार. पण वाचताना काही हलत नाही.

नऊ उरलेत. द्यायचे नाहीत असं वाटतं. माझ्या लेकीचे फोटो त्या बाईला का — तिचं तोंड मला आत्ता कुठे —

नाही. चार तारखेला लिहिलं आहे: गिऱ्हाईक तेजस्विनी. लिहिलं आहे त्याप्रमाणे करायचं.

पाच झाले. चार उरले.

शेवटचा. रिकामं अंगण. हिरवं दार बंद.

१८ फेब्रुवारी

ती आली. एकशे त्रेचाळीसावा उघडून दिला. तिनं स्क्रीनवर दोन्ही हात ठेवले. हीच, म्हणाली. हीच माझी. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझे डोळे पुसले. तिनं माझे.

नोंद:

घेणारी — तेजस्विनी, लोणी काळभोर.

दिलं — कार्ड एक, मूळ. पेन ड्राइव्ह एक. फोटो एकशे सत्त्याऐंशी, यादीसह.

याशिवाय दिली — मुलगी एक. वय अडतीसच्या आसपास. हिंजवडीत नोकरी. आत्ता दुकानाच्या दारात उभी आहे, वल्लरीनं तिला धरलं आहे. मला हाक मारते आहे. नोंद अर्धी ठेवायची नाही. तिचं नाव मागच्या पानांवर आहे, पाहून लिहिते —